तेल सुटेपर्यंत म्हणजे नेमके कधीपर्यंत?

माझा भाचा शिक्षणासाठी नागपूरहून पुण्याला गेला आणि मेसच्या जेवणाला कंटाळून तीन महिन्यांतच खोलीवर स्वतः रांधू लागला. एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला, तेव्हा मागे कढईचा आवाज ऐकू येत होता. "मावशी, यात लिहिले आहे की मसाला तेल सुटेपर्यंत परता. तेल तर मी आधीच टाकले आहे, मग ते आता आणखी कुठून सुटणार?" मी हसले खरी, पण उत्तर द्यायला गेले तेव्हा ध्यानात आले की जी खूण मी इतकी वर्षे रोज डोळ्यांनी ओळखते, ती मला शब्दांत सांगता येत नाही. "कडेला तेल दिसले की समज," एवढे बोलून मी फोन ठेवला. त्याने आच मोठी केली आणि मसाला करपवला.

दोष त्याचा नव्हता. पाककृतीतले शब्द ज्याने ती कृती कोणाच्या तरी शेजारी उभे राहून पाहिली आहे त्याच्यासाठी पुरेसे असतात. बाकीच्यांना ते कोड्यासारखे वाटतात. परता, खरपूस भाजा, बदामी होऊ द्या, दम द्या, तर्री येऊ द्या. हे शब्द नीट तपासले तर त्यांतले बहुतेक एकाच गोष्टीविषयी बोलत असतात, ती म्हणजे भांड्यात पाणी किती उरले आहे.

पाणी आहे तोवर आच चढत नाही

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे ते ९९ अंशांच्या आसपास उकळते. त्यानंतर गॅस कितीही मोठा केला तरी पाणी आणखी तापत नाही, फक्त त्याची वाफ जास्त वेगाने होते. शिजवणे, उकडणे आणि वाफवणे या तिन्ही क्रिया या मर्यादेच्या आत घडतात. भाजणे, परतणे आणि तळणे या क्रिया तिच्या पलीकडच्या आहेत.

नागपूरकरांना हे समजावण्यासाठी कूलरइतके चांगले उदाहरण नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात, तरी कूलरच्या ताट्या ओल्या आहेत तोवर खोलीत गार वारा येतो, कारण हवेतली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. टाकी रिकामी झाली आणि ताट्या वाळल्या की तोच कूलर भट्टीसारखी झळ फेकू लागतो. कढईतल्या कांद्याचे हेच होते. कांद्याच्या वजनाचा बहुतांश भाग पाण्याचा असतो; ते पाणी जाईपर्यंत कांदा फक्त मऊ आणि पारदर्शक होतो, त्याचा रंग बदलत नाही. पाणी संपले की त्याचे तापमान झरझर वर जाते आणि साधारण १४० अंशांपुढे पदार्थातली साखर व प्रथिने यांची एकमेकांशी अशी प्रक्रिया वेगाने सुरू होते की तपकिरी रंग आणि तो भूक चाळवणारा खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले दाणे, खरपूस खोबरे, कॉफी या साऱ्यांच्या मुळाशी तीच आहे.

कांद्याचे 'गुलाबी', 'सोनेरी', 'बदामी' हे टप्पे म्हणजे पाणी गेल्यानंतरच्या या प्रवासातले थांबे आहेत. गुलाबी व्हायला दहा मिनिटे लागली, तरी बदामीवरून काळा व्हायला एखादे मिनिट पुरते. सुरुवातीला काहीच घडत नाही म्हणून कंटाळून आच वाढवणारा माणूस शेवटी फसतो तो इथे.

मग तेल सुटते म्हणजे काय?

वाटण कढईत पडते तेव्हा त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: कांद्या-खोबऱ्याचा चोथा, भरपूर पाणी आणि तुम्ही ओतलेले तेल. ढवळताना तेलाचे बारीक थेंब होतात आणि ते या ओल्या लगद्यात अडकून राहतात, म्हणून सुरुवातीला तेल नाहीसे झाल्यासारखे दिसते. नवशिका नेमका याच वेळी आणखी तेल ओततो. परतता परतता पाणी उडून जाते, लगदा आवळत जातो आणि तेलाला धरून ठेवणारे आवरण मोडते. अडकलेले थेंब एकमेकांना मिळतात आणि कढईच्या कडेने झिरपू लागतात. शिवाय सुक्या खोबऱ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तेलाचाच असतो आणि खसखसही चांगलीच तेलकट असते, त्यामुळे भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की थोडे तेल खरोखरच मसाल्यातून नव्याने बाहेर येते.

ही वेळ ओळखण्याच्या खुणा तीन आहेत. पहिली खूण आवाजाची: ओला मसाला 'बुदबुद' करतो आणि अंगावर उडतो, तर पाणी गेलेला मसाला बारीक 'चुरचुर' करतो. दुसरी सराट्याची, म्हणजे उलथण्याची: सराट्याने मसाला बाजूला सारला की तळ क्षणभर स्वच्छ दिसतो आणि त्या मोकळ्या जागेत तेल सरकत येते. तिसरी वासाची: कच्च्या लसणाचा उग्र दर्प जाऊन त्या जागी गोडसर वास येतो. तिन्ही खुणा एकत्र दिसल्याखेरीज पाणी घालू नये, असे माझे ठाम मत आहे. 'पाच मिनिटे परता' असे लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण त्यांची कढई, त्यांची आच आणि त्यांचा कांदा तुमच्याकडे नसतो.

तर्री वर का येते?

सावजी रस्सा ही नागपुरातल्या हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून आलेली देणगी आहे. रश्श्यावरची लाल, चकाकती तर्री आली नाही, तर नागपूरकर त्या रश्श्याला रस्सा मानत नाही. सकाळच्या तर्री पोह्यांच्या ठेल्यावर हे जवळून पाहता येते. ठेलेवाला काळ्या चण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, डाव बुडवतो, पण तळाशी नेत नाही. वरचा थर हलकेच कापल्यासारखा उचलतो, पोह्यांवर सोडतो, आणि "भाऊ, तर्री जास्त" म्हटले की तेवढाच पातळ थर दुसऱ्यांदा घेतो. खाली पाणी आणि वर तेल, हे त्याच्या हाताला ठाऊक असते.

तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून तरंगते. घरातल्या तेलाच्या पिशवीवर एक लिटर आणि ९१० ग्रॅम हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, त्याचा अर्थ हाच. मात्र ती लाल का असते, हे जास्त रंजक आहे. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्यही तेलातच विरघळते. म्हणून तेल सुटलेल्या मसाल्यात तिखट पडले की रंग आणि झणका दोन्ही तेलात उतरतात आणि तेलाबरोबर वर येतात. तेच तिखट उकळत्या पाण्यात टाकले, तर रस्सा गढूळ, विटकरी दिसतो आणि तिखटपणा कच्चा लागतो.

याच कारणामुळे तोंड पोळले असता पाण्याचा उपयोग होत नाही. पाणी कॅप्सेसिनला विरघळवत नाही, उलट तोंडभर पसरवते. दूध किंवा दह्यातली प्रथिने मात्र त्याला धरून काढून नेतात. मिरचीचा तिखटपणा मोजण्याची पट्टी विल्बर स्कोव्हिल याने १९१२ मध्येच सुचवली. म्हणजे भाजण्याचे रहस्य आणि तिखटाचे माप ही दोन्ही एकाच वर्षाची, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

मसाला परतून झाल्यावर पाणी नेहमी गरमच घालावे आणि रस्सा मंद आचेवर ठेवावा. मोठ्या आचेवर रस्सा खळाखळा उकळत राहिला, तर तेल पुन्हा फुटून थेंबाथेंबांनी पाण्यात मिसळते आणि तर्री बसत नाही. झाकण ठेवून गॅस बंद केल्यावर दहा मिनिटांनी ती आपोआप वर जमते.

फोडणीचा क्रम

फोडणीतला क्रम कोण किती लवकर करपते यावरून ठरलेला आहे. मोहरीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो. तेल तापले की त्याची वाफ होते आणि टणक साल फोडून बाहेर पडते. मोहरी तडतडली, याचा अर्थ तेल पुरेसे तापले आहे. ती अशी आपल्या घरातला फुकटचा तापमापक आहे. त्यानंतर जिरे, मग हिंग, मग हळद, आणि गॅस बारीक करून सगळ्यांत शेवटी तिखट, कारण पूड जितकी बारीक आणि कोरडी तितकी ती झटकन जळते. हळदीचा रंगही पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. वरणात वरून कोरडी हळद टाकली की ती पिवळ्या गुठळ्यांसारखी तरंगते, ती यामुळे.

दगड नाही आणि फूलही नाही

इतवारीत मस्कासाथेकडच्या दुकानात 'सावजी मसाला' म्हटले की दुकानदार पुडीत जे टाकतो, त्यात काळपट, सुरकुतलेले, वाळलेल्या पापुद्र्यासारखे काहीतरी असते. ते दगडफूल. ना तो दगड, ना ते फूल. खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारे ते शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार: शैवाल उन्हातून अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा आणि ओलावा देते. कच्चे दगडफूल हुंगले तर मातकट वासापलीकडे काही जाणवत नाही, पण थोड्या तेलात भाजल्याबरोबर त्यातून धुरकट, गूढ असा वास निघतो, आणि सावजी रश्श्याचा 'काहीतरी वेगळा' वास म्हणतात तो बराचसा याचाच असतो. ते साफ करताना त्यातली साल आणि खडे निवडून काढावे लागतात. ज्याने हे केले नाही त्याच्या दाताला ते पुढे कळतेच.

हिंगाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. डबीत मिळतो तो बांधानी हिंग, म्हणजे मूळ हिंगाच्या डिंकात पीठ आणि खाण्याचा गोंद मिसळून सौम्य केलेला. पुष्कळदा हे पीठ गव्हाचे असते, त्यामुळे ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डबीवरचे बारीक अक्षर वाचावे. मूळ हिंग आपण मुख्यतः अफगाणिस्तानातून आणत आलो आहोत. भारतात त्याच्या लागवडीला हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सुरुवात झाली.

मिरचीत आपल्या जिल्ह्याची भिवापुरी आणि हळदीत शेजारच्या वर्ध्याची वायगाव हळद, या दोघींना भौगोलिक मानांकन आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे ते नाव त्या भागातल्या पिकालाच लावता येते. मी दोन्ही सांगून घेते, आणि जास्तीचे पैसे मोजताना कुरकुरतेही.

नावांमुळे होणारा घोळ

भाच्याचा दुसरा फोन आला तो पुण्याच्या भाजीवाल्याकडून. त्याने "सांबार द्या" म्हटले आणि भाजीवाल्याने त्याला उडप्याच्या हॉटेलाचा रस्ता दाखवला. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. आपल्या सांबारवडीचा दक्षिणेकडच्या सांबाराशी काडीचाही संबंध नाही. फल्लीचे तेल म्हणजे शेंगदाण्याचे तेल, सराटा म्हणजे उलथणे, गंज म्हणजे पातेले, कोपर म्हणजे परात आणि पावशी म्हणजे विळी. सगळ्यांत फसवा शब्द 'बेसन'. कृतीत बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, पण नागपुरात "आज बेसन केले आहे" म्हणजे पिठले तयार आहे.

मिक्सर असताना पाटा कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि रोज पाट्यावर वाटण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, कारण तो बहुधा न वाटणारी माणसेच देतात. तरी फरक का पडतो, हे समजून घ्यावे. वरवंटा चिरडतो, पाते कापते. चिरडल्याने खोबऱ्यातले आणि मसाल्यातले तेल दाबून बाहेर निघते, तर पात्याने फक्त तुकडे बारीक होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मिक्सरचे पाते फिरायला पाणी लागते. पाट्यावर दोन चमचे पाण्यात जे वाटण होते, त्याला मिक्सरमध्ये अर्धी वाटी पाणी घालावे लागते, आणि ते सारे पाणी पुढे कढईत उडवावे लागते. भाच्याच्या मसाल्याला तेल सुटत नव्हते त्याचे खरे कारण हे होते. त्याने पाऊण वाटी पाणी घातले होते. भाजलेला मसाला आधी कोरडा फिरवावा आणि पाणी चमच्याचमच्याने घालावे, म्हणजे मिक्सरशी निभावते.

एकाच पिठाचे दोन स्वभाव

गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की त्यातल्या प्रथिनांचे ताणले जाणारे जाळे तयार होते, त्याला ग्लुटेन म्हणतात. लंबी रोटी करणाऱ्या बाया हे जाळे शेवटच्या टोकापर्यंत वापरतात. पीठ इतके सैल भिजवतात की ते परातीत ओघळते; मग बराच वेळ आपटून, तिंबून ते असे लवचीक करतात की गोळा दोन्ही हातांवर झेलत हाताच्या कोपरापर्यंत लांबवता येतो आणि तो फाटत नाही. मग तो चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर अंगरख्यासारखा पसरतात.

पुडाच्या वडीत नेमके उलटे हवे असते. तिथे कोरड्या पिठात कडकडीत तेल घालतात, त्याला मोहन म्हणतात. पिठाच्या कणांवर तेलाचा लेप बसल्याने पाणी त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, जाळे तुटक राहते आणि वडीचे आवरण खुसखुशीत होते. मोहन पुरेसे आहे का, हे पाहायला पीठ मुठीत दाबावे: मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोट लावताच विस्कटला, तर बरोबर.

तुरीची डाळ शिजत का नाही?

बहुतेक वेळा डाळ निर्दोष असते आणि दोष पाण्याचा असतो. डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन हे विटांमधल्या सिमेंटसारखे असते. ते सैल झाले की डाळ गळते. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम हे सिमेंट आणखी घट्ट करते, म्हणूनच ज्या घरी पेंच-कन्हानचे नळाचे पाणी येते तिथे वरण लवकर होते आणि बोअरवाल्या घरी रेंगाळते. चिंच आणि टमाटरही तेच करतात, त्यामुळे आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावे. चिमूटभर खाण्याचा सोडा पेक्टिन सैल करतो खरा, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट करतो आणि जास्त झाला तर वरणाला साबणाची चव आणतो. मी तो वरणात वापरत नाही.

कुकर काम करतो तो दाब वाढवून. आतल्या वाफेला वाट मिळत नाही, त्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळल्याविना तापते. फक्त शिट्ट्या मोजणे ही पद्धत भरवशाची नाही, कारण मोठ्या आचेवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतात आणि बारीक आचेवर एकही होत नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ पाहावे.

"आजीला हे काही ठाऊक नव्हते, तरी जमत होते"

जमत होते, कारण आजी दहा वर्षांची असल्यापासून चुलीशी बसत होती आणि तिने करपलेले मसाले आपल्याला कधी दाखवले नाहीत. ज्याला ती दहा वर्षे मिळालेली नाहीत, त्याला कारण सांगावे लागते.

दुसरा आक्षेप तेलाचा. एवढी तर्री प्रकृतीला बरी का? रोज बरी नाहीच. पण तेल सुटणे आणि तेल जास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन चमचे तेलातही मसाल्याला तेल सुटते, फक्त धीर धरावा लागतो. आणि तर्री वर जमल्यावर ती डावाने काढून ठेवता येते. मात्र तिच्याबरोबर रंग आणि तिखटपणाही जातो, हे धरून चालावे.

बिघडले तर?

तेल सुटत नसेल, तर आच मध्यम ठेवून झाकण काढावे, कारण झाकणाखाली वाफ परत पाणी होऊन कढईतच पडते. मसाला तळाला धरू लागला, तर चमचाभर पाणी शिंपडून खरवडावे. ते पाणी तापमान खाली आणते आणि लगेच उडून जाते. पण काळा पडलेला मसाला टाकून द्यावा. त्याचा कडवटपणा दही, गूळ, साय यांपैकी कशानेही जात नाही.

मीठ जास्त झाले की रश्श्यात बटाटा टाकावा, तो मीठ शोषून घेतो, असे सर्रास सांगितले जाते. बटाटा खारे पाणी शोषतो, एकटे मीठ नाही. मागे उरलेला रस्सा जवळपास तितकाच खारट राहतो. रस्सा वाढवणे, म्हणजे गरम पाणी आणि बिनमिठाचे भाजलेले वाटण घालणे, हाच उपाय आहे. भाच्याला हे सांगेपर्यंत तो दोन आलू टाकून मोकळा झाला होता. रस्सा सुधारला नाही, पण आलू चांगले लागले, असे त्याने रात्री कळवले.